वस्तूंचें घर

वस्तु आणि वास्तु हे दोन्ही शब्द संस्कृतांतील एकाच वस् धातूपासून निघाले आहेत. वस् म्हणजे राहणें. जी राहते ती वस्तु, आणि जींत राहावयाचें ती वास्तु. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें हंसत. एक काना दिला कीं पळीचें घर होतें, याची त्यांना मोठी गंमत वाटे. गेल्या कार्तिकांत आम्हीं पुण्यास, शुक्रवार पेठेंतील नातूबागेंत, राजा दिनकर केळकर संग्रहालयांत एक संपूर्ण दिवस घालविला, तेव्हां ती व्युत्पत्ति आम्हांस पुन्हां आठवली. त्या संग्रहालयाची कथा म्हणजे वस्तूंनीं वास्तु व्यापीत नेल्याची कथा आहे, आणि ती अद्याप संपलेली नाहीं. म्हणूनच ती वाचकांपुढें मांडावी असें मनांत आलें.

प्रथम नांवाविषयीं. हा कोणा संस्थानिकाचा जामदारखाना असावा व 'राजा' ही त्याची पदवी असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः राजा हें दिनकर गंगाधर केळकर यांच्या मुलाचें नांव. तो बालवयांतच वारला, आणि पित्यानें आपल्या जन्मभराच्या संग्रहास त्याचें नांव दिलें. केळकर (१८९६–१९९०) हे मध्यम स्थितींतले गृहस्थ. घरचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविता लिहीत. संस्थानिकांची संपत्ति त्यांच्यापाशीं नव्हती. लोकांच्या डोळ्यांस भिंगें पुरवितां पुरवितां स्वतःची दृष्टि तेवढी त्यांनीं लख्ख ठेविली होती.

१९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ झाला. त्या काळीं जुन्याचे शोधक आपल्याकडे नव्हते असें नाहीं. पुण्यांतच १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें होतें. दफ्तरें, सनदा, ताम्रपट, नाणीं यांचें मोल विद्वानांस चांगलें कळत होतें. पण अडकित्ता? कुंकवाचा करंडा? पायांच्या टाचा घांसावयाची वज्री? असल्या जिनसांस इतिहासाच्या पंक्तीस बसवावें, हें फारच थोड्यांच्या ध्यानीं आलें असेल. केळकरांनीं दरबाराकडून दृष्टि काढून ती माजघराकडे वळविली. देशभर हिंडून त्यांनीं दौती गोळा केल्या, कुलपें केलीं, दिवे केले, फण्या, पानदानें, वाद्यें, कोरीव दारें, कठपुतळ्या केल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची या उद्योगांत त्यांना साथ होती. ही गोष्ट वाचक भगिनींनीं विशेष लक्षांत घ्यावी. घरांतील वस्तू घराबाहेर पडावयाच्या त्या बहुधा बायकांच्याच हातून, आणि दुसऱ्या बाईनें गोडीनें मागितली म्हणजे त्या जितक्या सुखानें सुटतात तितक्या पुरुषानें पैसे पुढें केले तरी सुटत नाहींत, असा आमचा तरी अनुभव आहे.

या वस्तूंत काय आहे, असें कोणी म्हणेल. अडकित्त्याचेंच उदाहरण घेऊं. दोन पात्यांचें हें लहानसें हत्यार. खालची मूठ स्थिर, वरची हलती, आणि सांध्यावरच्या खिळ्यापाशीं सुपारी. हात दाबला कीं कठीण सुपारीचें खांड पडलें पाहिजे. नाहीं पडलें तर अडकित्ता कितीही देखणा असो, तो फुकट. म्हणजे कारागिरास पात्यांत कांहीं लुडबूड करतां येत नाहीं. त्यास मोकळीक कोठें? तर मुठींत, पाठीवर, सांध्याच्या टोंकाशीं. मग तेवढ्याच जागेंत तो पोपट बसवितो, घोडा दौडवितो, कधीं स्त्रीपुरुषांची जोडी समोरासमोर उभी करतो; आणि मूठ दाबतां क्षणीं तीं दोघें एकमेकांकडे झुकतात! वज्रीचेंही तसेंच. तळ खरखरीतच हवा, त्याशिवाय टांच साफ होणार नाहीं. पण वरच्या अंगास मोर, हत्ती, उंट, जें सुचेल तें. समईच्या बाबतींत तेलाची वाटी समतल राहिली पाहिजे आणि ज्योत वातीच्या टोंकाशींच राहिली पाहिजे, एवढी अट पाळून पुढें दांड्याला व माथ्याच्या हंसाला वाटेल तसें वळण द्यावें. उपयोगाची अट अगोदर, शोभा तिच्या अंगाअंगानें मागून. आणि तरीही दोन्हींत शिवण म्हणून दिसत नाहीं.

आजकाल 'शोभेच्या कला' असा एक निराळा वर्ग करण्याची रीति पडली आहे. चित्र, मूर्ति या थोर कला, आणि भांडींकुंडीं, लुगडीं, पेट्या या धाकट्या. ही वर्गवारी आपली नव्हे. आपल्याकडच्या चौसष्ट कलांच्या यादींत गायन-नृत्याच्या मांडीस मांडी लावून तांदुळांफुलांची रांगोळी आहे, शय्यारचना आहे, सुईकाम आहे. ज्या घरांत सकाळीं देवापुढें रांगोळी पडते त्या घरास कला कशास म्हणावें हें शिकवावयास बाहेरून कोणी यावें लागत नाहीं. केळकरांच्या संग्रहाचें महत्त्व आम्हांस वाटतें तें हें. आपण रोज हाताळीत होतों आणि पाहत मात्र नव्हतों, तें त्यांनीं आपणांस पाहावयास लावलें.

आतां वास्तूकडे वळूं. १९६० च्या सुमारास संग्रहांत पंधरा हजारांच्या घरांत वस्तू झाल्या होत्या. राहत्या घरांत पंधरा हजार वस्तू म्हणजे काय, याची कल्पना ज्यांच्या घरीं दोन ट्रंका नि एक फडताळ एवढेंच सामान आहे त्यांनीं न केलेली बरी. १९६२ सालीं संग्रहालय रीतसर स्थापन झालें. १९७५ सालीं केळकरांनीं तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. विकला असता तर पिढ्या बसून खात्या. पण विकलेला संग्रह फुटतो. दिवे एकाकडे, वाद्यें दुसऱ्याकडे, उरलेलें परदेशीं. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी रीतीनें परदेशीं नेण्यास बंदी केली आहे हें खरें. पण कायदा वस्तु अडवितो, संग्रह एकत्र ठेवीत नाहीं. तें काम मालकाच्या बुद्धीचें. पुढें १९८० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९० सालीं चौऱ्याण्णवाव्या वर्षीं ते वारले. आज संग्रहांत वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

आणि मांडलेल्या किती? सुमारें अडीच हजार. त्रैराशिकाची गरज नाहीं. आठांतली एक दिसते आणि सात कुलुपांत. तीन मजली इमारत, आजूबाजूस पेठेची दाट वस्ती, वर चढावयाचें तर मर्यादा, बाजूस पसरावयाचें तर शेजाऱ्याची भिंत. एका दालनांतून दुसऱ्यांत जातांना आपण एखाद्या भरल्या घरांत हिंडत आहों असें वाटतें. आम्हांस तें आवडलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दिवा हा काळोख्या खोलीसाठीं घडविलेला असतो, करंडा कोनाड्यासाठीं, आणि कोरीव दरवाजा अरुंद बोळांतून येणाऱ्या पाहुण्यासाठीं. विमानतळासारख्या दिवाणखान्यांत ठेवले तर हे जीव बावरून जातील. पण भरल्या घराचा गोडवा निराळा आणि गुदमरणें निराळें. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, हस्तिदंतास तडा जातो, जरीचें कापड घडीवर चिरतें. अशा वस्तूंस हवा हवी, अंतर हवें, आणि कधीं तरी उजेडांत येण्याची पाळीही हवी.

एक दालन मात्र येथें असें आहे कीं जेथें वस्तु आणि वास्तु यांचा सारा व्याकरणविचार उलटा होतो. पहिल्या बाजीरावानें १७३४ सालीं मस्तानीसाठीं कोथरुडास महाल बांधला होता. तो मूळ जागीं राहिला नाहीं. त्याचे उरलेले भाग केळकरांनीं आणवून संग्रहालयांत पुन्हां जुळवून उभे केले. ज्यांत माणसें राहिलीं तें घरच येथें मांडावयाची वस्तु झालें, आणि दुसऱ्या घराच्या पोटांत राहूं लागलें. वास्तूचा काना गेला! मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतही घुमटाखालच्या मोठ्या दालनांत नाशिकच्या एका जुन्या वाड्याचें लाकूडकाम बसविलेलें आहे. वाडे पाडण्याच्या युगांत वाड्यांस आश्रय मिळतो तो असा.

केळकर संग्रहालयाच्या विस्तारासाठीं पुण्याबाहेर बावधन येथें जागा घेऊन मोठी नवी वास्तु उभारण्याचा बेत बरीच वर्षें चाललेला आहे. बेतांच्या बाबतींत आपल्याकडे घाई करावयाची नसते. तथापि जागा मिळणें आणि घर उभें राहणें यांत किती अंतर पडूं शकतें, व घर उभें राहिल्यावरही काय काय होऊं शकतें, याचे धडे मुंबईंत पुष्कळ आहेत.

भायखळ्याच्या राणीच्या बागेंत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईंतलें सर्वांत जुनें संग्रहालय तें हेंच. १८५१ सालीं लंडनास आणि १८५५ सालीं पॅरिसास मोठीं औद्योगिक प्रदर्शनें भरलीं; त्यांच्यासाठीं इकडच्या कारागिरीचे नमुने जमविण्यांत आले, आणि त्या निमित्तानें मुंबईस एक संग्रह उभा राहिला. त्यास जागा मिळाली कोटांतल्या लष्करी बराकींत. इतक्यांत १८५७ सालचा उठाव झाला. लष्करास बराकी हव्या झाल्या. सामान घाईघाईनें काढण्यांत आलें, आणि त्या धांदलींत पुष्कळ वस्तू नष्ट झाल्या. दुसऱ्याच्या घरांत राहणाऱ्या वस्तूंची ही दशा! मग जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट वगैरे मंडळींनीं वर्गणी जमवून स्वतंत्र इमारतीचा ध्यास घेतला. १८६२ सालीं कोनशिला बसली आणि १८७२ च्या मे महिन्यांत दारें उघडलीं. मधलीं दहा वर्षें कशांत गेलीं हें ज्यांनीं सार्वजनिक काम केलें आहे त्यांस सांगावयास नको. राणी व तिचा पति यांचें नांव त्या संस्थेस होतें तें १९७५ सालीं बदलून भाऊ दाजींचें दिलें गेलें. तेव्हां ते वारून एक शतक लोटलें होतें.

त्या इमारतीचे लोखंडी खांब, नक्षीचे कठडे, रंगविलेलें छत, हें सर्व पुढें मळून, गळून केविलवाणें झालें होतें. २००३ पासून पांच वर्षें खपून तिचा जीर्णोद्धार झाला, आणि २००५ सालीं युनेस्कोनें त्या कामाचा गौरव केला. महापालिका, एक खासगी न्यास आणि वारसा जपणारी एक संस्था अशा तिघांनीं मिळून तें काम केलें, ही गोष्ट आम्हांस गौरवाहूनही महत्त्वाची वाटते. तिघांत काम बिघडतें ही म्हण येथें तरी खोटी ठरली. परंतु पुढें त्याच आवारांत नवें दालन बांधण्यासाठीं जागतिक स्पर्धा झाली, २०१४ सालीं अमेरिकेंतील स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला, आणि तो कागदावरच राहिला. जुनें सांवरणें आपल्यास जमतें, नवें जोडणें जड जातें, असें यावरून म्हणावें काय?

तसें म्हणण्याची घाई नको. कारण साहेबाच्या घरींही हेंच. लंडनचें व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय म्हणजे या जातीच्या साऱ्या संस्थांचें मूळपीठ. १८५२ सालीं तें एका उसन्या राजवाड्यांत सुरू झालें, १८५७ सालीं साउथ केन्सिंग्टनला लोखंडी पत्र्याच्या इमारतींत गेलें, आणि ती इतकी कुरूप होती कीं लोक तिला बंबांची उपमा देत. १८९९ सालीं मोठ्या इमारतीची कोनशिला राणीनें बसविली, ती पुरी व्हावयास १९०९ साल उजाडलें. शंभर वर्षांनीं पुन्हां विस्ताराची वेळ आली, तेव्हां एक वेडावांकडा मनोरा पसंत केला गेला. पैशांअभावीं २००४ सालीं तो बेत सोडून द्यावा लागला. अखेर २०१७ सालीं त्यांनीं युक्ति काढली ती जमिनीखालीं दालन खणण्याची.

पण त्यांची खरी नवी गोष्ट त्याहून अलीकडची आहे. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस लंडनच्या पूर्वभागांत त्यांनीं आपलें कोठारच लोकांस मोकळें केलें. तेथें देखाव्याची मांडणी थोडी. फडताळांच्या रांगा, पेट्या, नोंदीचे क्रमांक, अडीच लाखांवर वस्तू. आणि कोणाही सामान्य माणसानें आगाऊ कळविलें असतां त्यास हवी ती वस्तु काढून जवळून पाहूं देतात. त्यासाठीं त्यानें पंडित असावें लागत नाहीं. आमच्या मतें विस्तार विस्तार म्हणतात तो हा. बावधनास जें काय व्हावयाचें असेल त्यांत असें एक उघडें कोठार अगोदर व्हावें, संगमरवर मागून. आणि नातूबागेंतलें घर रिकामें करूं नये. तें घर स्वतःच संग्रहांतील पहिली वस्तु आहे.

इतक्या दूरदूरच्या पुराणाचें आपणांस काय करावयाचें, असें कोणी विचारील. तर आमच्या पासली गांवची एक गोष्ट सांगतों. वेल्ह्याच्या पलीकडे, केळदच्या वाटेवर हें गांव. पावसाळ्यांत येथें पाऊस पडतो म्हणण्यापेक्षां राहावयास येतो म्हणणें योग्य. जुनीं घरें मातीच्या भिंतींचीं, जाड लाकडाचीं. तीं एकेक करून उतरत आहेत व सिमेंटचीं उभीं राहत आहेत. आणि तें वाईट आहे असें शहरांत बसून कोणी म्हणूं नये, कारण गळक्या छपराखालीं त्यांस निजावयाचें नसतें. आमच्या शेजारचें असेंच एक घर या उन्हाळ्यांत उतरविलें. माळ्यावरून निघालें तें अंगणांत मांडलें होतें: एक तांब्याचा बंब, दोन पितळी समया, एक हंडा, एक अडकित्ता, एक वज्री, आणि देवघराची लाकडी चौकट, तिच्यावर कमळांची वेल कोरलेली. मोडवाला काटा घेऊन बसलेला. घरच्या मुलानें आम्हांस हांक मारली.

"गुरुजी, मोडीत घालू, का पुण्याच्या त्या संग्रहालयाला देऊ?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीं त्याची आजी बोलली. "आन् तिथं नेऊन पेटीतच घालणार असतील, तर आमच्या माळ्यावर काय वंगाळ व्हतं?"

आठांतली एक आणि सात कुलुपांत, हें गणित आम्हीं तिला सांगितलेलें नव्हतें. तरी तिनें नेमका तोच प्रश्न घातला, आणि ज्यांनीं बावधनाचा आराखडा करावयाचा त्यांच्या टेबलावर तो लिहून ठेवावा अशा योग्यतेचा तो आहे. आम्हीं तिला इतकेंच म्हटलें कीं, माळ्यावर उंदीर आहेत आणि अंगणांत काटा आहे. पेटींत निदान हीं दोन्ही नाहींत, आणि पेटी आज ना उद्यां उघडते. मोडींत गेलेला हंडा वितळला कीं त्याची पुन्हां नोंद होत नाहीं.

दुसरी गोष्ट सांगितली ती मुलास, आणि तीच आमच्या वाचकांसही सांगतों, कारण दर घरीं आज ना उद्यां हा प्रसंग येणार आहे. वस्तु द्या, ठेवा, वा वांटून घ्या. पण तिच्याबरोबर एक चिठ्ठी असूं द्या. कोणत्या गांवची, कोणाच्या घरची, कोण वापरीत असे, कशासाठीं, लग्नांत आली कीं बाजारांतून आणली, घडविणारा तांबट वा सुतार ठाऊक असल्यास कोण. संग्रहालयांत सुंदर वस्तूंस तोटा नाहीं. तोटा असतो तो त्यांच्या हकीकतीचा. नाहीं तर शंभर वर्षांनीं कोणी चांगला शिकलेला माणूस तिच्याखालीं 'दिवा, पितळ, पश्चिम भारत' एवढेंच लिहील, आणि त्यांत त्याची चूक नसेल.

मोडवाल्यानें बंब आणि हंडा नेला. ते फुटके होते. समया नव्या घरांत गेल्या. चिठ्ठी लिहावयास बसलों तेव्हां आजींनीं सांगितलें कीं, चौकट त्यांच्या सासऱ्यांनीं भोरच्या एका सुताराकडून करवून डोक्यावरून आणली होती, आणि डाव्या बाजूचें एक कमळ अर्धें राहिलें तें त्याची मजुरी पुरी चुकती झाली नाहीं म्हणून. हें सांगतांना त्यांस हंसूं आलें. अडकित्ता मात्र त्यांनीं हातांतून सोडला नाहीं. "ह्यो माझ्या माघारी," म्हणाल्या, व तो चंचींत ठेवून दिला. चौकट सध्यां आमच्या पडवींत भिंतीस टेकून उभी आहे. अर्ध्या कमळाच्या बाजूस सुतळीनें चिठ्ठी बांधलेली आहे, आणि पाऊस उघडला म्हणजे ती पुण्यास न्यावयाची कीं नव्या देवघरास लावावयाची हें दिवाळींत त्यांचे धाकटे चिरंजीव आले कीं ठरेल.